गाणें, घांस आणि गांव

प्रवासास निघण्याची इच्छा झाली म्हणजे बहुतेक कुटुंबांत प्रथम प्रसिद्ध स्थळांची यादी पुढें येते. अमुक धबधबा, तमुक किल्ला, थंड हवेचें एखादें ठिकाण, आणि तेथील राहण्याजेवण्याची सोय. या रीतींत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु तिचा एक परिणाम होतो. जीं गांवें यादींत नाहींत तीं पाहण्यासारखीं नाहींतच, असा आपला समज होऊन बसतो. म्हणून आज श्रोत्यांपुढें दुसरी एक रीत मांडण्याचें योजिलें आहे. कानावर पडलेलें गाणें आणि जिभेवर रेंगाळलेला घांस यांचा माग काढीत जावें, म्हणजे तीं जेथें जन्मलीं त्या लहान गांवापर्यंत आपण पोंचतों. आणि तेथें काय पाहावें हेंहि मग तींच सांगतात.

उदाहरणादाखल सांगली जिल्ह्यांतील आटपाडी घेऊं. हें तालुक्याचें गांव माणदेशांत मोडतें. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेच ढग पूर्वेकडे येईपर्यंत रिते होतात, आणि माणदेशाच्या वांट्यास पांचशें मिलिमीटरहि धडपणें येत नाहीं. उघडा माळ, ठेंगण्या टेकड्या, विरळ बाभळी आणि वर्षाचा बराच काळ कोरडें राहणारें माणगंगेचें पात्र, असा येथील देखावा आहे. केवळ यादी हातांत घेऊन आलेला मनुष्य येथून तासाभरांत परत फिरेल.

आतां गाण्याच्या वाटेनें या. १ एप्रिल १९५५ रोजीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रावरून गीतरामायण सुरू झालें आणि वर्षभरांत त्याचीं ५६ गीतें महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचलीं. सुधीर फडके यांचा स्वर आपल्या ओळखीचा आहे. पण शब्द ज्यांचे, ते ग. दि. माडगूळकर १९१९ सालीं आटपाडी तालुक्यांतील शेटफळे येथें जन्मले, आणि माडगुळे हें त्यांचें गांव ह्याच तालुक्यांतलें. तेव्हां हा मुलूख औंध संस्थानांत होता. कवीचें शिक्षणहि कुंडल आणि औंध येथें झालें. राम अयोध्येचा खरा. परंतु त्याची कथा सांगणारी ही साधी, रसाळ मराठी ओव्या, भजनें आणि कीर्तनें ऐकत वाढलेल्या कानाची आहे. माडगुळ्याच्या शिवारांत ‘बामणाचा पत्रा’ म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. तेथें बसून कवि लिहीत असत. भोंवतालचा माळ पाहिला म्हणजे ज्या डोळ्यांनीं एवढें हिरवें जग कल्पिलें त्यांच्यापुढें प्रत्यक्षांत काय होतें, हें कळतें. तें कळणें हेंच तेथील प्रेक्षणीय स्थळ होय.

दुसरें गाणें ह्याहून जुनें आहे. धनगर मंडळी देवापुढें बसून ‘सुंबरान’ मांडतात, म्हणजे देवाचें स्मरण करून ओवी गाऊं लागतात. कांहीं भाग गायचा, कांहीं गद्यांत सांगायचा, अशी बिरोबाची कथा रात्रभर चालते. आणि ढोलाच्या तालावर गजीचा फेर धरला जातो. ह्या ओव्यांच्या ओढीनें एक परदेशी विद्वान येथवर आले होते. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनीं धनगरांच्या वाड्यांवस्त्यांवर हिंडून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. कोणत्याहि प्रवासी मार्गदर्शिकेनें त्यांना ह्या वाटा दाखविल्या नव्हत्या.

तिसरी वाट चित्रपटाची. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि वसंत देसाई यांनीं संगीत दिलेली त्यांतील प्रार्थना पुष्कळांना आठवत असेल. त्याची कथा माडगूळकरांचीच. तिचें मूळ आटपाडीजवळील स्वतंत्रपुरांत आहे. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनीं १९३९ सालीं येथें कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. भिंत नाहीं, गज नाहींत. कैद्यानें शेती करावी आणि दिल्या वचनानें राहावें. मात्र ही वसाहत तुरुंग खात्याची आहे, जत्रेचें ठिकाण नव्हे. परवानगीवांचून आंत जाऊं नये.

आतां घांसाकडे वळूं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि हुलग्याचें माडगें हें माणदेशाचें खरें पान. हुलगे भाजून दळावयाचे, तें पीठ पाण्यांत कालवून मीठ किंवा गूळ घालून शिजवावयाचें, आणि वाफाळतें माडगें भाकरीशीं खावयाचें. हुलगाच कां, ह्याचें उत्तर जमिनींत आहे. हलक्या, मुरमाड रानांत थोड्या ओलीवर हें कडधान्य येतें. माणसाला खाद्य होतें आणि बैलालाहि. तो बैल म्हणजे खिलार. पांढराशुभ्र, उंच शिंगांचा, चपळ आणि थोड्या चाऱ्यावर काम ओढणारा. खिलाराचा एक प्रकार ‘आटपाडी महाल’ ह्या नांवानेंच ओळखला जातो. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषी यात्रेंत खिलारांचा बाजार भरतो. त्या बाजारांत उभे राहिलें म्हणजे ताटांतला हुलगा, माळावरचें गवत आणि दावणीचा बैल हीं एकाच पावसाचीं लेकरें आहेत, हें दिसूं लागतें.

येथें एक गोष्ट मात्र गंभीरपणें सांगितली पाहिजे. आपण शहरांतील माणसें माडग्याची चव घेऊन ‘किती साधें, किती रुचकर!’ असें म्हणतों. पण तें अन्न हौसेनें जन्मलेलें नाहीं. दुष्काळांत पोटाला आधार देण्यासाठीं तें चुलीवर चढलें. धनगराची भटकंतीहि हौसेची नव्हे. चाऱ्यासाठीं अनेक धनगर दिवाळीनंतर मेंढरांसह मुलूख सोडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचणारास हें ठाऊक आहे. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडींत शाळा चालवूं जातो, आणि शेवटीं दुष्काळ ती वाडीच रिती करतो. दुसऱ्याची टंचाई हा आपला देखावा होऊं नये, एवढें भान ठेवून जो येथें येईल त्यालाच हा प्रदेश आपलें मन उघडून दाखवील.

हें भान आज अधिक हवें, कारण माणदेश बदलत आहे आणि तो बदलावा हेंच न्यायाचें आहे. १९९३ सालीं नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानें आटपाडींत दुष्काळी भागाची पाणी परिषद भरली. लोक पाण्यासाठीं वर्षानुवर्षें झगडले. कऱ्हाडजवळ टेंभू येथें कृष्णेचें पाणी उचलून टप्प्याटप्प्यानें चढविलें जातें, आणि तें आटपाडीच्या शिवारांत आलें आहे. डाळिंबाच्या बागांनीं माळाचा रंग पालटला आहे. ज्या रानांत बाग आली तेथें हुलगा सहसा पेरला जात नाहीं. ज्या घरांत बाग आहे तेथील मुलगा मेंढरांमागें कशाला जाईल? कोणी हळहळून ‘जुनें तें राहावें’ असें म्हणूं नये. परंतु ओवी येणारा वृद्ध आणि माडगें करणारी आजी आज आहेत. त्यांच्याकडे जावयाचें तर विलंब करूं नये, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

जाण्यास दोन-तीन दिवस पुरतात. आश्विनांत, उत्तरा-हस्ताचा पाऊस झाला असल्यास, माळ थोडे दिवस हिरवा असतो. पौषांत थंडी आणि यात्रा दोन्ही लाभतात. विटा किंवा पंढरपूर येथून एस. टी.नें आटपाडी गांठावी. निघण्यापूर्वीं घरांतल्या मुलांसह गीतरामायण ऐकावें, ‘बनगरवाडी’ मोठ्यानें वाचावी. वाटेवर जेवण मागावयाचें तर तेथील मंडळी रोज जें खातात तेंच मागावें, त्याचें मोल बिनतक्रार द्यावें, आणि ओवी ऐकावयाची तर आधीं देवाला नमस्कार करून मग विनंती करावी. परततांना औंधास उतरावें. तेथें १९३८ सालचें श्रीभवानी संग्रहालय आहे, आणि १९४० सालापासूनची संगीतोत्सवाची परंपरा आहे. गजाननबुवा जोशी यांच्या घराण्याचा ह्या गांवाशीं संबंध आहे.

ही रीत केवळ माणदेशापुरती नाहीं. आपल्या घरांत जें गाणें वारंवार गुणगुणलें जातें, जो पदार्थ आजोळची आठवण म्हणून केला जातो, त्याचें गांव कोणतें, हें एकदां वडीलधाऱ्यांस विचारून पाहावें. उत्तरादाखल जें नांव निघेल तें कदाचित् कोणत्याहि यादींत नसेल. पुढच्या सुटींत तेथील तिकीट काढावें.