टीव्हीमागची छोटी डबी आणि अडखळणारा स्क्रीन

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण गणपतीच्या तयारीच्या बैठकीत तो हमखास निघतो. हॉलमधला स्क्रीन अडखळतो, आरतीचं पुढचं कडवं सुरू झालं तरी पडद्यावर मागचेच शब्द असतात, प्रायोजकांची जाहिरात मध्येच गोठते. मग कोणीतरी म्हणतं, "नवीन, मोठा प्लेअर घेऊन टाकू." वर्गणीचे पैसे त्यावर घालण्याआधी पाच मिनिटं ऐका. बहुतेक वेळा डबी बदलायची गरज नसते, तिच्यावरचं ओझं कमी केलं की भागतं.

डबी म्हणजे टीव्हीच्या मागे चिकटवलेला छोटा संगणक. अँड्रॉइडचा बॉक्स असेल नाहीतर रास्पबेरी पाय. आपण रास्पबेरी पाय ३ हे २०१६ सालचं मॉडेल धरू, कारण कोणाच्या तरी गराजमध्ये तेच पडलेलं सापडतं. त्याची मेमरी फक्त १ जीबी.

सुरुवात फोटोंपासून. फोनवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून चारेक एमबीचा दिसतो. पडद्यावर दाखवताना मात्र तो पूर्ण उलगडावा लागतो. ४००० गुणिले ३००० ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. आपल्या फुल एचडी टीव्हीवर ठिपकेच आहेत १९२० गुणिले १०८०. त्या मापाचा फोटो उलगडला तर ८ एमबीच्या थोडा वर जातो. म्हणजे बिचारी डबी जवळजवळ सहापट ओझं उचलते आणि आपल्याला दिसतं तेच! त्यात एक फोटो विरघळत दुसरा येणारा इफेक्ट लावला, की दोन्ही फोटो एकाच वेळी मेमरीत. म्हणून फोटो आधी लॅपटॉपवर पडद्याच्या मापाचे करून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

व्हिडिओचं गणित वेगळं. या डब्यांत व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपवर खास सोय असते, पण ती ठरावीक प्रकारच्याच व्हिडिओला लागू होते. पाय ३ वर एच.२६४ प्रकाराची सोय आहे, एचईव्हीसीची नाही. आता नवे आयफोन मुळात एचईव्हीसीमध्येच रेकॉर्ड करतात. त्यामुळे लेझीमचा सुंदर व्हिडिओ तसाच्या तसा टाकला, तर सगळं काम मुख्य प्रोसेसरवर येतं आणि लेझीम हप्त्याहप्त्याने दिसतं. २०१९ च्या पाय ४ वर दोन्हींची सोय आहे. गंमत म्हणजे २०२३ च्या पाय ५ मधून एच.२६४ ची सोय काढून टाकली. त्याचा प्रोसेसर दमदार असल्याने फुल एचडी निभावून जातं, पण "नवीन घेतलं म्हणजे सगळंच वाढलं" असं नसतं, हे खरेदीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात व्हिडिओ १०८० रेषा, सेकंदाला ३० फ्रेम, एच.२६४ असा करून घ्या. आणि फाइल डबीतच ठेवा. हॉलच्या वायफायवर शंभर फोन असताना इंटरनेटवरून व्हिडिओ चालवायला जाऊ नका.

आरतीचे शब्द हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग. इथे वाढलेली मुलं पडद्याकडे बघूनच म्हणतात, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना पुस्तकातले बारीक अक्षर दिसत नाही. डबीत देवनागरी फाँट नसेल तर शब्दांऐवजी नुसते चौकोन येतात. काही प्रोग्रॅममध्ये फाँट असूनही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. यावर सोपा उपाय असा की लॅपटॉपवर एकेका कडव्याचं पान तयार करा, वाचून बघा आणि चित्र म्हणून सेव्ह करा. डबीला मग अक्षरं जुळवावी लागत नाहीत, चित्र दाखवलं की झालं. खाली सरकणारी सूचनांची पट्टी मात्र काढाच. ती थांबत नाही, त्यामुळे डबीला सतत नवं चित्र रंगवत बसावं लागतं, आणि ती वाचतं कोण?

आता वीज. पाय ३ ला अडीच अँपिअरचा अडॅप्टर लागतो. टीव्हीच्या साध्या यूएसबी पोर्टमधून मिळतो अर्धा अँपिअर. कोपऱ्यात पिवळी वीज चमकली की समजा, व्होल्टेज कमी पडतंय, आणि डबी आपला वेग स्वतःच कमी करते. उष्णतेचंही तसंच, चिप ८० अंशांवर गेली की वेग उतरतो. गणपतीत इथे गारठा असतो, पण वॉटन स्ट्रीटसारख्या ठिकाणी दुकानात स्क्रीन लावणाऱ्यांनी जानेवारीचा विचार करावा. आपल्याकडे दक्षिणेचं ऊन कडक, इथे उत्तरेकडच्या काचेतून ऊन आत येतं. डबी त्या काचेलगत नको.

घड्याळाचं एक राहिलं. पाय ३ आणि ४ मध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. इंटरनेट नसताना चालू केली, तर वेळ चुकीची, आणि वेळेवर लावलेली आरती भलत्याच वेळी. टाइम झोन मेलबर्नचा निवडला, तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ आपोआप एक तास पुढे जातं. दिवाळीचा कार्यक्रम त्यानंतर येतो, म्हणून हे आत्ताच बघून ठेवा.

आणि चाचणी घरी दहा मिनिटं नको. त्याच टीव्हीला, त्याच अडॅप्टरवर, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी लावून संध्याकाळपर्यंत चालू ठेवा. मेमरी हळूहळू भरत असेल, तर ते चार-पाच तासांनीच कळतं.