अनिष्ट तफावत

सप्टेंबर सरता सरता गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा उरकल्या जातात. ‘भरतात’ यापेक्षा ‘उरकल्या जातात’ हाच शब्दप्रयोग येथे अधिक यथार्थ ठरावा. अहवालाच्या छापील प्रती हातोहात वाटल्या जातात, ‘अहवाल वाचला असे समजण्यात यावे’ अशी सूचना येते, मागून अनुमोदन येते, चहा होतो आणि संस्थेचा वर्षभराचा जमाखर्च अर्ध्या तासात मंजूर होतो. वादंग माजलेच तर ते लाभांशाच्या टक्क्यावरून माजते. ताळेबंदाच्या दोन बाजूंना परस्परांपासून दूर उभे असलेले दोन आकडे मात्र कोणी जवळ आणून पाहत नाही. संस्थेने जिल्हा मध्यवर्ती बँकेला किती देणे आहे, हा पहिला आकडा. सभासदांकडून संस्थेला किती येणे आहे, हा दुसरा. येणे देण्यापेक्षा कमी भरले, की त्या फरकाला सहकार खात्याच्या परिभाषेत ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. सरकारी परिभाषेत इतका अर्थवाही शब्द क्वचितच सापडेल.

सोसायटी ही मुळात मधली कडी आहे. बँकेकडून घ्यायचे आणि सभासदाला द्यायचे. सभासदाकडून वसूल करायचे आणि बँकेत भरायचे. मग येणे आणि देणे यांत अंतर पडतेच कसे? पैसे कोणी तरी खाल्ले, हे उत्तर गावाच्या ओठांवर तयार असते आणि काही ठिकाणी ते खरेही असते. वसुलीची पावती फाटते, पण रक्कम कीर्दीला जमा होत नाही, असे प्रकार लेखापरीक्षणात उघडकीस येतात. परंतु अपहाराचा एक पैसाही नसताना तफावत निर्माण होऊ शकते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या दुखण्याचे निदान व्हावयाचे नाही.

समजा, एखाद्या सोसायटीने बँकेकडून ४ टक्के दराने १ कोटी रुपये घेतले आणि ६ टक्के दराने सभासदांना वाटले. सारी वसुली झाली, तर ६ लाख व्याज येईल, ४ लाख बँकेला जाईल आणि उरलेल्या २ लाखांत सचिवाचा पगार, भाडे, स्टेशनरी असा कारभारखर्च भागेल. आता पाऊस रुसला आणि वसुली ६० टक्केच झाली असे धरू. सभासदांकडून मुद्दल ६० लाख आणि व्याज ३ लाख ६० हजार आले. खर्च मात्र साठ टक्के होत नाही. तो २ लाखच राहतो. उरलेले ६१ लाख ६० हजार बँकेत भरले, की बँक आधी आपले ४ लाख व्याज वळते करून घेते आणि मुद्दलात ५७ लाख ६० हजारच जमा करते. आता बँकेचे देणे ४२ लाख ४० हजार आणि सभासदांकडील मुद्दलाचे येणे ४० लाख! मधले २ लाख ४० हजार थकलेल्या व्याजाच्या रूपाने सभासदांकडे अडकलेले आहेत. ते आले तर अंतर मिटेल. पण तडजोडीत ते सोडून द्यावे लागले, तर ते संस्थेच्या मानेवर कायमचे बसते आणि पुढील वर्षापासून त्यावर बँकेचे व्याज चालू होते. चोरी कोणीच केली नाही. तरी संस्था बुडीत निघाली.

कर्जमाफीचा अध्याय या हिशेबात घालून पाहिला, म्हणजे आणखी काही गोष्टी उलगडतात. १९९०, २००८, २०१७ आणि २०१९ अशा वर्षांत केंद्राने वा राज्याने माफीच्या योजना जाहीर केल्या. शेतकऱ्याच्या ज्या हलाखीतून त्या निघाल्या, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु माफीची रक्कम ठरविताना काही व्याज हिशेबाबाहेर राहते. २००८ च्या केंद्रीय योजनेत तर मुद्दलापेक्षा अधिक झालेले व्याज, दंडव्याज वा कायदेशीर खर्च संस्थांनी सरकारकडेही मागू नये आणि शेतकऱ्याकडूनही वसूल करू नये, अशी स्पष्ट अट होती. अट न्याय्यच होती. मात्र तो भार कोणी तरी उचलायचा असतो आणि ज्या मधल्या कडीपाशी पुरेसा स्वनिधी नाही, तिला तो पेलत नाही.

स्वनिधी का नाही, हा प्रश्न जुना आहे. १९०४ च्या कायद्याने या चळवळीला आरंभ झाला. पन्नास वर्षांनंतर, १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आढळला. त्यानंतर शासनाने भागभांडवल दिले, बँकांनी पैसा पुरविला, संस्था वाढल्या. पण त्या वाढल्या वरून आलेल्या पैशावर. केरळातील प्राथमिक संस्था गावच्या ठेवींवर उभ्या राहिल्या. आपल्याकडील बहुतेक सोसायट्या बँकेच्या कर्जावरच विसंबल्या. वैद्यनाथन समितीने २००५ च्या अहवालात नेमके याच मर्मावर बोट ठेवले. ज्या संस्थेत कर्जदारांचाच वरचष्मा असतो, तेथे वसुलीचा आग्रह कोण धरणार? ठेवीदारालाही पूर्ण मताधिकार द्यावा, ही समितीची शिफारस होती. स्वतःचा पैसा गुंतलेला असला, की माणूस ताळेबंद वाचतो.

वस्तुतः कर्जदार सभासदाचा पैसाही गुंतलेला असतोच. कर्ज देताना त्यातूनच भागाची रक्कम कापून घेतली जाते. पण ती त्याच्या हाती कधी पडलेलीच नसल्याने ती त्याला आपली वाटत नाही, कापलेला कर वाटते. ज्याला कारभार कळतो, त्या गटसचिवाकडे अनेकदा एकाहून अधिक संस्थांची दप्तरे असतात आणि त्याची नेमणूक जिल्हा पातळीवरील यंत्रणेतून होते. संचालक निवडून येतात ते गावकीच्या वा तालुक्याच्या राजकारणातून, आणि त्यांचे लक्ष असते जिल्हा बँकेच्या निवडणुकीतील सोसायटीच्या मतावर. हिशेब ठेवणारा संस्थेचा नाही आणि संस्था चालविणारा हिशेबाचा नाही, अशी ही विचित्र विभागणी आहे.

त्यातच मार्चअखेरचा ‘नवे-जुने’ हा प्रकार. चार दिवसांसाठी हातउसने आणून कर्ज फेडायचे आणि एप्रिलमध्ये वाढीव कर्ज उचलून ते उसने परत करायचे. वसुलीचा आकडा देखणा दिसतो, सभासद ‘नियमित’ ठरतो आणि व्याजसवलतीस पात्र होतो. शेताने किती उत्पन्न दिले, याचा मात्र त्या आकड्याशी संबंध उरत नाही. एका वर्षी हातउसने मिळाले नाही, की सारा डोलारा एकदम थकबाकीत कोसळतो.

याची झळ पोचते ती जून महिन्यात. संस्थेची तफावत वाढली की बँक तिला नवीन कर्जमंजुरी देताना हात आखडता घेते. ज्याने बैल विकून वा दागिना मोडून मुदतीत कर्ज भरले, त्यालाही पेरणीच्या तोंडावर ‘अजून मंजुरी नाही’ असे ऐकावे लागते. बी-बियाणे काही मंजुरीसाठी थांबत नाही. तो सावकाराच्या ओसरीवर जातो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या ओसरीवरून त्याला उठविण्यासाठी ही चळवळ जन्मली, तीच ती ओसरी!

कायद्यात उणीव आहे असे म्हणवत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये लेखापरीक्षणाचे कलम ८१, चौकशीचे ८३ आणि नुकसानीची जबाबदारी निश्चित करणारे ८८ ही कलमे आहेतच. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याने कायदा सुधारला. त्या घटनादुरुस्तीचा राज्यांतील संस्थांना लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द ठरविला, तरी राज्याच्या कायद्यातील तरतुदी त्यामुळे आपोआप गेल्या नाहीत. २०२२ साली केंद्राने ६३ हजार प्राथमिक संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. संगणक बेरीज चुकू देणार नाही, हे खरे. कीर्दीला न आलेली पावती त्यालाही दिसणार नाही.

याच अधिनियमाच्या ८२ व्या कलमानुसार लेखापरीक्षकाने दाखविलेल्या दोषांची दुरुस्ती कशी केली, याचा अहवाल संस्थेने तयार करून सर्वसाधारण सभेपुढे ठेवावयाचा असतो. तफावत कोठून आली, किती वाढली आणि ती भरून काढण्यासाठी संचालकांनी काय केले, याची उत्तरे सभासदाला त्याच कागदात मागता येतात. सभेच्या सूचनापत्रात हा विषय छापलेला असतो, बहुधा शेवटाकडे, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ याच्या जरासा अलीकडे. तोवर चहाचे कप फिरू लागलेले असतात.