गालिबचे दुखणे

माणूस दीर्घकाळ आजारी असला, की समाचाराला येणाऱ्यांची मोठी पंचाईत होते. काय बोलावे, कोणत्या चेहऱ्याने बोलावे, हे त्यांना उमगत नाही. उर्दूचा श्रेष्ठ कवी मिर्झा गालिब याने आपल्या मित्रांची ही अडचण आपण होऊन दूर केली होती.

1857 च्या उठावानंतर दिल्ली उजाड झाली. गालिबचे स्नेही पांगले. मीर मेहदी मजरूह पानिपतास, तर मुन्शी हरगोपाल तफ्ता बुलंदशहराकडील सिकंदराबादेस. वर्षाकाठी मिळणारे साडेसातशे रुपयांचे पेन्शनही 1860 पर्यंत बंद होते. उरले ते टपाल. ज्याचे पत्र आले तो मनुष्यच भेटीस आला असे आपण समजतो, असे त्याने 1858 मध्ये तफ्ताला कळविले. तेव्हा आजाराच्या हकिकतीही या कागदी बैठकीतच निघावयाच्या.

गालिबने आपले मरणाचे वर्ष आधीच काढून ठेवले होते. फारसी-उर्दू परंपरेत प्रत्येक अक्षराला अंक असतो. ‘गालिब मुर्द’, म्हणजे गालिब मेला, या शब्दांतील अक्षरांची बेरीज 1033 आणि 244 मिळून 1277 होते. हिजरी सन 1277 जुलै 1861 मध्ये संपले. दिल्लीत पटकीची साथ येऊन गेली, पण कवी जिवंतच! मजरूहने साहजिकच छेडले. गालिबचे उत्तर असे, की हिशेब चुकलेला नाही. मात्र सर्वांबरोबर साथीत मरणे आपल्या इभ्रतीला शोभले नसते. साथ ओसरू द्या, मग पाहू. ज्या शहरात रोज माणसे दगावत होती, तेथून हे उत्तर गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या थट्टेचे वजन कळते.

पुढे अंगभर गळवे झाली. त्यांचा हिशेब त्याने वाण्याच्या यादीसारखा मांडला आहे : डोक्यापासून पायापर्यंत बारा गळवे, रोजच्या बारा-तेरा पट्ट्या आणि पावशेर मलम. कानही गेले, भेटीस येणारे कागदावर लिहून बोलत. अंथरुणातून उठावयास लागणारा वेळ तो पुरुषभर उंचीची भिंत उभारण्याच्या वेळाने मोजी.

सगळीच पत्रे अशी नाहीत. काहींत तो सरळ कंटाळून मरण मागतो, आणि तेही तो मित्रांपासून लपवीत नाही. त्यामुळेच त्याच्या विनोदावर विश्वास बसतो. खोटी उमेद दाखविण्यासाठी केलेली ती हसरी मुद्रा नव्हे. दुखणे जेवढे होते तेवढेच सांगून, ते ऐकणाऱ्याला सोसवेल असे करण्याची ती रीत होती.

त्याचा शिष्य व चरित्रकार हाली याने अखेरच्या दिवसांतील एक प्रसंग नोंदविला आहे. नवाब अलाउद्दीन अहमद खान अलाई याचे प्रकृती विचारणारे पत्र आले होते. गालिबने उत्तर सांगून लिहविले : माझी हकिकत मला काय विचारता, एक-दोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचारा. 15 फेब्रुवारी 1869 रोजी, लगेच दुसऱ्या दिवशी, तो वारला.