भोंग्याच्या डबीत काय भरावे?

देवळाच्या शिखराशेजारी, शाळेच्या छपरावर किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बांधलेला भोंगा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे तोंड दिसते, आवाज ऐकू येतो. पण त्याच्या पाठीशी बसवलेल्या पत्र्याच्या लहानशा डबीकडे कोणी फारसे पाहत नाही. आज बोलायचे आहे ते त्या डबीविषयी, म्हणजे त्या डबीत काय ओतून भरावे याविषयी.

विषय किरकोळ वाटेल. पण २०२० च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला, तेव्हा मंगळवेढे तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात रात्री पाणी चढू लागले. पंचायतीत अँप्लिफायर चालू, बॅटरी भरलेली, बोलणारा माणूस हजर; भोंगा मात्र मुका! शेवटी पोरांनी वस्तीवस्तीवर जाऊन दारे वाजवली. माणसे वाचली. दोन म्हशी गेल्या. पुढे तिथल्या शाळेचे गुरुजी ती डबी घेऊन माझ्याकडे आले. मी तसा गणित शिकवणारा, पण या तारांचा नाद जुना. उघडून पाहतो तो काय, शिवणाच्या दोऱ्याएवढी तांब्याची तार एके ठिकाणी हिरवी पडून तुटलेली.

त्या डबीत असतो लाइन ट्रान्सफॉर्मर. दुकानदार त्याला ‘एल. एम. टी.’ म्हणतात. तो कशाला हवा? एक हिशेब करू; गुरुजनांनी तो फळ्यावर अवश्य मांडावा. भोंग्याला ३० वॅट द्यायचे आहेत आणि भोंगा ८ ओहमचा आहे. मग तारेतून जवळजवळ २ अँपिअर प्रवाह गेला पाहिजे. भोंगा शंभर-सव्वाशे मीटरवर असेल आणि तार एक चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन तिचा रोध ४ ओहम भरतो. एवढ्या प्रवाहाने नुसत्या तारेतच १५ वॅट जळतात. हेच ३० वॅट १०० व्होल्टने पाठवले, तर प्रवाह ०.३ अँपिअर आणि नुकसान अर्ध्या वॅटहूनही कमी. म्हणून अँप्लिफायर १०० व्होल्ट सोडतो आणि भोंग्याजवळचा ट्रान्सफॉर्मर ते उतरवतो. (या तारेला ‘आवाजाचीच तर तार’ म्हणून ओल्या हाताने शिवू नका. १०० व्होल्ट म्हणजे थट्टा नव्हे.)

आता तांब्याची तार हिरवी का पडते? तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. त्यात कुठे तरी सुईच्या टोकाएवढे छिद्र राहते. तिथे ओल पोचली, त्यात गुंडाळणाऱ्याच्या बोटाचा घाम किंवा डाख देतानाचे फ्लक्स असले, की तांबे हळूहळू खाल्ले जाते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातल्या १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रवण मंडळांचा प्रयोग केला. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या सेटांत ट्रान्सफॉर्मरच्या तारेतून एकाच दिशेचा प्रवाह जाई, त्यामुळे ओल लागली की हा रोग फार लवकर होई. भोंग्याच्या डबीत तो सावकाश होतो, पण होतो.

भरणाचे पहिले काम हे, की ओल आत येऊ द्यायची नाही. दुसरे, तार आणि गाभ्याच्या पत्र्या थरथरू द्यायच्या नाहीत. आणि तिसरे, आतली हवा घालवायची. कारण हवा गोधडीसारखी असते, आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

पण कोणतेही भरण घ्या, आत आधीच ओल असेल तर ते ती ओल कोंडूनच ठेवणार. वाळवल्याशिवाय धान्य कणगीत भरून वर शेण लिंपल्यासारखेच ते. म्हणून वाइंडिंग आधी १०० ते १०५ अंशांवर काही तास वाळवले पाहिजे. त्याच्या आधी आणि नंतर मेगरने रोध मोजा. आकडा चढून एका जागी स्थिर झाला, की वाळले असे समजावे. मग गरम असतानाच व्हार्निशमध्ये बुडवायचे आणि पुन्हा भाजायचे. पंपाची मोटार जळल्यावर तालुक्याच्या रिवाइंडिंगच्या दुकानात हेच करतात, तुम्ही पाहिले असेल. व्हार्निश तारातारांमध्ये शिरते. वरून ओतलेले दाट भरण तिथवर पोचत नाही. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

आता मी केलेली चूक सांगतो. त्या गावच्या ट्रान्सफॉर्मरची तार नवीन गुंडाळून घेतली आणि २०२१ च्या संक्रांतीच्या सुमारास मी गुरुजींना म्हणालो, ‘मेणबत्तीचे मेण वितळवून ओता.’ मेण पाण्याला दाद देत नाही आणि विजेच्या दृष्टीने उत्तमच. चैत्र संपायच्या आत निरोप आला, ‘सर, भोंगा गळतोय.’ मेणबत्तीचे मेण ५० ते ६० अंशांना वितळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात सावलीतच पारा ४० च्या वर जातो. उन्हातल्या काळ्या पत्र्याची डबी तर ६० च्या पुढे सहज तापते. मी थंडीत बसून उन्हाळ्याचा हिशेब विसरलो. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांपर्यंत टिकते, तेही आपल्याकडे काठावरचेच. शिवाय मेण गोठताना चांगलेच आकसते आणि मध्ये पोकळी राहते. घरात, सावलीत ठेवायच्या लहान ट्रान्सफॉर्मरला मात्र मेण अजूनही चांगले.

मग डांबर? रस्त्याचे डांबर नव्हे. ते ५० अंशांच्या आसपासच मऊ होते. वैशाखात चपलेला चिकटते ते हेच. कारखान्यांसाठी गरम हवा फुंकून तयार केलेले डांबर वेगळे मिळते. त्याच्यावर ८५/२५, ९०/१५ असे आकडे असतात. पहिला आकडा ते किती अंशांना मऊ होते हा. दुसरा सुई त्यात किती रुतते हा. आकडा लहान, तर डांबर कठीण. आपल्या हवेला ९०/१५ चालते. ते स्वस्त आहे, पाणी धरत नाही, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुन्हा तापवून काढता येते.

दोन भाग मिसळून घट्ट होणारे इपॉक्सी सध्या सगळीकडे मिळते आणि तरुण मिस्त्रींना तेच आवडते. डबी दगडासारखी होते, उन्हाने वितळत नाही. त्या गावी मेणानंतर आम्ही तेच भरले. पुढच्या वर्षी वीज कोसळली, वाइंडिंग जळाले, आणि डबी उघडायला छिन्नी-हातोडा लागला. तार, गाभा, सगळेच गेले. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापते. एकदम पुष्कळ ओतले तर धूर निघतो, तडे जातात. आकसताना ते गाभ्याला आवळतेही. भोंग्यातल्या सिलिकॉन-पोलादाच्या पत्र्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही. पण मायक्रोफोनच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा निकेल-लोखंडाचा असतो. तो आवळला गेला, की त्याचा चुंबकीय गुण उतरतो आणि आवाजातला खर्ज पातळ होतो. तिथे मऊ भरणच हवे.

मऊ भरणांत पॉलियुरेथेन आहे, पण पावसाळी हवेत ते ओल धरून फेसाळते. त्याच्या वाफाही छातीला वाईट. दोन भागांचे सिलिकॉन सर्वांत सोशिक. किंमत मात्र डबीपेक्षा जास्त! न्हाणीघराच्या फटी बुजवायला मिळणारे, व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन कोणी सुचवले तर ऐकू नका. त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते, आणि खोल डबीत ते आतून सुकतही नाही. सिमेंट किंवा प्लॅस्टर ओलच शोषून घेतात.

इपॉक्सी किंवा डांबरात बारीक वाळू मिसळली तर भरण कमी आकसते, उष्णताही लवकर बाहेर जाते. वाळू धुऊन, तव्यावर कडक भाजून घ्या आणि तिच्यातून लोहचुंबक फिरवा. आपल्याकडच्या नदीची वाळू काळ्या पाषाणातून आलेली. तिच्यातले काळे कण चुंबकाला मिशांसारखे लोंबतात. ते काढून टाकावे. शाळेत मुलांकडून करवून घेण्याजोगे एवढेच काम यात आहे. बाकीचे मोठ्यांनी करावे.

कारण डांबर ओततात ते १६० ते १८० अंशांवर. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येते. काम उघड्यावर करावे, भांडे अर्ध्याहून जास्त भरू नये, बाह्या लांब असाव्यात, डोळ्यांना चष्मा असावा. बॉबिन साध्या प्लॅस्टिकची नाही ना, हे आधी पाहावे. नाही तर ती वितळून सगळेच बसेल. डबीही गरम करून ठेवावी, एका कडेने बारीक धारेने ओतावे, म्हणजे हवा दुसऱ्या कडेने निघते. गार होताना मध्ये खड्डा पडतो. तो दुसऱ्या धारेने भरावा.

त्या गावच्या डबीत सध्या ९०/१५ चे डांबर आहे. तार डबीत वरून न नेता खालून, झोळ देऊन नेली आहे, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळून झोळाच्या तळाशीच टपकते. आणि झाकणावर गुरुजींनी पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहे: ‘आत डांबर. तापवून उघडावे.’