दृष्टिपटल सुटणें : न दुखणारें संकट

डोळा लाल झाला, दुखूं लागला, कीं आपण डॉक्टरकडे धांवतों. परंतु डोळ्याचा एक घातक विकार असा आहे, कीं त्यांत वेदना मुळींच होत नाहींत. त्याचें नांव दृष्टिपटल सुटणें.

डोळ्याच्या मागील भिंतीस आंतून एक नाजूक पापुद्रा चिकटलेला असतो, तेंच दृष्टिपटल. डोळ्याच्या पोकळींत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक रस असतो. वयपरत्वें तो पातळ होऊन आक्रसतो व पटलास ओढ देतो. त्या ओढीनें क्वचित् पटलास भोंक पडतें. गिलाव्याच्या चिरेंतून पाणी मुरलें, कीं जसा पोपडा सुटतो, तसा भोंकांतून मागें शिरलेला रस पटल सोडवितो. दूरचें पाहण्यास जाड भिंगें लागणारे, मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि डोळ्यास मार बसलेले, यांना हा धोका अधिक.

लक्षणें तीन : डोळ्यांत विजेसारखी लखलख, एकाएकीं उठलेला काळ्या ठिपक्यांचा थवा, आणि एका कडेनें सरकत येणारी काळी सावली. चार-दोन जुने ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून एकेक डोळा झांकून पाहावें.

खरा घात उशिरानें होतो. पडेगांवांत काय किंवा अन्यत्र काय, वडीलधाऱ्यांस अंधुक दिसूं लागलें, कीं घरचे म्हणतात, "मोतिबिंदू असेल, पुढच्या शिबिरांत दाखवूं." मोतिबिंदू बहुधा महिनाभर थांबतो, सुटूं लागलेलें पटल थांबत नाहीं. त्याचा मध्यभाग सुटण्यापूर्वीं उपचार झाले, तर वाचण्यापुरती दृष्टि बहुधा टिकते. नंतर ती पूर्ण परततेच असें नाहीं. पडेगांवाहून छावणीमार्गें घाटीचें शासकीय रुग्णालय फार दूर नाहीं. त्याच दिवशीं नेत्रतज्ज्ञाकडून, बाहुली मोठी करणारे थेंब घालून, डोळा तपासून घ्यावा.

पूर्वीं हा विकार असाध्यच मानीत. १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ज्यूल गोनँ यांनीं भोंक हेंच मूळ आहे असें ओळखून तें बंद करण्याचा मार्ग दाखविला. आज नुसतें भोंक असल्यास लेसर किरणांनीं किंवा अतिशीत उपचारानें त्याच्या कडा पक्क्या करतात. पटल सुटलें असल्यास शस्त्रक्रियेनें डोळ्यास बाहेरून पट्टा बसवितात, किंवा आंतील रस काढून वायु वा सिलिकॉन तेल भरतात. वायु भरल्यास सांगितल्याप्रमाणें मान ठेवावी लागते, व तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. पहिल्याच शस्त्रक्रियेंत दहांपैकीं आठ-नऊ डोळ्यांचें पटल पुन्हां चिकटतें.

तेव्हां घरांत कोणी "डोळ्यापुढें पडदा आला" म्हणालें, तर उद्यांचा बाजार राहूं द्यावा आणि आजच निघावें.