आपले म्हणणे आपणच मांडावे

वक्तृत्व म्हटले की अस्खलित वाणी आठवते. परंतु ज्यांच्या बुद्धीची वाढ मंद आहे त्यांना बोलावयास शिकवायचे ते टाळ्यांसाठी नव्हे. ‘मला हे नको’ एवढे डॉक्टरांपुढे, मास्तरांपुढे, प्रसंगी आईपुढेही म्हणता यावे म्हणून. शिक्षणाचा आरंभ ‘नको’पासूनच करावा असे आम्हांस वाटते. दोन सदरे पुढे ठेवावेत, कोणता हवा ते विचारावे, आणि थांबावे. हे थांबणेच फार जड जाते! उत्तर यावयास वेळ लागतो. तोवर मायेपोटी आपणच ते देऊन टाकतो. पुढे एका वाक्यात एकच गोष्ट सांगणे, सभेत हात वर करणे, मत देणे.

१९६०नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये यांच्या प्रयत्नांनी अशा तरुणांच्या मंडळांत सभेचे कामकाजच शिकविले गेले. १९७४ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात या मंडळींनी स्वतःची परिषद भरविली व ‘आधी माणसे’ अशा अर्थाचे नाव घेतले. संस्थांत वाढलेले न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग-हक्क समितीवर निवडून आले. त्याच वर्षीच्या आपल्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. पालकाने त्या व्यक्तीबरोबर मिळून निर्णय घ्यावयाचा. तेव्हा या वर्गाला पालकांनाही बसवावे. गप्प राहण्याचा सराव त्यांना हवा असतो.