कानाचा आजार, डोळ्यांत दिसणारा

अंथरुणावर कूस बदलताच खोली गरगर फिरते, मिनिटभराच्या आत थांबते आणि उठून बसलं की पुन्हा फिरते. ही तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या माणसाची आपल्याकडची वाट बहुधा ठरलेली असते. बीपी मोजलं जातं, सलाईन लागते, मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यात गॅप सापडते, गळ्यात पट्टा येतो आणि गोळ्या सुरू होतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मेंदूचा एमआरआय. पाचोड गावच्या माणसाला त्यासाठी सुमारे 50 किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. घाटी रुग्णालय किंवा एखादं खासगी सेंटर. ही वाट उलटी आहे, असं मला वाटतं. आतल्या कानाच्या बिघाडातून येणाऱ्या भोवळीचं निदान ज्या तपासणीनं होतं, तिला एक खाट आणि शिकलेले हात पुरतात. ती पाचोडच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. शिवाय रुग्णाच्या घराजवळ ती अधिक चांगली होऊ शकते, कारण या आजाराचा पुरावा फार काळ टिकत नाही.

पुरावा कसला, हे समजायला कानाच्या आत डोकवावं लागेल. ऐकण्याच्या शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी काटकोनात, द्रवानं भरलेल्या. डोकं वळलं की द्रव क्षणभर मागे राहतो, त्याचा दाब नलिकेतल्या संवेदनशील पेशींवर पडतो आणि डोकं कुठे, किती वेगानं वळलं ही खबर मेंदूला मिळते. त्याच खबरीवर डोळे उलट्या दिशेनं तेवढेच वळतात, म्हणून चालत्या एसटीतूनही रस्त्यावरची पाटी वाचता येते. कान आणि डोळा यांची ही सांगड इतकी घट्ट आहे की कानातला बिघाड डोळ्यांच्या हालचालीत उमटतो. नलिकांशेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. वयानुसार, किंवा डोक्याला मार लागल्यावर, काही कण सुटून नलिकेत घरंगळतात. मग आडवं होताना, कूस बदलताना, मोसंबीच्या झाडाची वरची फांदी बघायला मान वर करताना ते सरकतात, द्रव ढवळतात आणि डोकं स्थिर असूनही ते फिरत असल्याची खोटी खबर जाते. भोवळीच्या कानाशी संबंधित कारणांत हे सर्वांत जास्त आढळतं. पन्नाशीनंतर अधिक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या पाचोडला अपघातातले जखमीही येतात. त्यांच्यातल्या काहींची नंतरची भोवळ या कणांमुळेच असणार.

तो बिघाड उघड करणारी चाचणी 1952 साली लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी मांडली. त्याआधी, 1921 मध्ये, या भोवळीचं वर्णन रॉबर्ट बारानी यांनी केलं होतं. आतल्या कानावरच्या कामासाठी 1914 चं नोबेल त्यांनाच मिळालेलं. चाचणी अशी: रुग्णाला खाटेवर बसवायचं, मान 45 अंशांत एका बाजूला वळवायची आणि चटकन मागे आडवं करायचं, डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. डोळे उघडे ठेवायला सांगून त्यांच्याकडे बघत राहायचं. कण त्या कानाच्या मागच्या नलिकेत असतील तर काही सेकंदांनी बुबुळं झटके देत वर आणि गोल फिरू लागतात, मिनिटाच्या आत थांबतात, उठवल्यावर उलट फिरतात. खाली आलेला कान दोषी. मग डोकं ठरावीक क्रमानं फिरवून कण नलिकेबाहेर काढायचे. ही कृती अमेरिकेतल्या जॉन एपली यांची. बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो.

एमआरआयमध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिथे मेंदूची रचना दिसते, नलिकेतले कण दिसत नाहीत. मणक्यातली गॅप तर पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांच्या एक्स-रेत सापडते, भोवळ असो वा नसो. तिला कारण ठरवणं म्हणजे जे हाताशी लागलं त्यावर खापर फोडणं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची 2017 ची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे: खाटेवरच्या चाचणीनं निदान झालं आणि दुसरी काही शंका नसेल, तर स्कॅन नको आणि चक्कर दाबणारी औषधंही नकोत.

आता माझा मुख्य मुद्दा. कणांची भोवळ पुन्हा पुन्हा जागवली तर क्षीण होते, आणि बऱ्याच जणांत काही आठवड्यांत आपोआपही ओसरते. कानाच्या नसेला सूज आली की भोवळ दिवसचे दिवस राहते, पण डोळ्यांचे झटके काही दिवसांत मंदावतात. मेनियरच्या आजारात भोवळ वीस मिनिटांपासून काही तास टिकते, सोबत कानात आवाज, दडा आणि ऐकू कमी येणं. झटका ओसरल्यावर तपासणीत काहीच न सापडणं सहज शक्य असतं. त्यात प्रोक्लोरपेराझिनसारखी चक्कर दाबणारी गोळी आधीच पोटात गेली असेल तर डोळ्यांतली खूण आणखी पुसट होते. शहरातल्या तज्ज्ञाकडे पंधरा दिवसांनी पोचलेला माणूस पुरावा वाटेतच सांडून आलेला असतो. पहिल्या दिवशी त्याला बघणारा डॉक्टर ज्ञानानं कमी असेल, पण वेळेनं श्रीमंत असतो. त्यानं चक्कर कशी वाटते हे विचारत बसू नये; त्याचं उत्तर रुग्ण दर वेळी वेगळं देतो. किती वेळ टिकते आणि कशानं सुरू होते, ही उत्तरं जास्त पक्की असतात. उभं राहतानाच येते आणि आडवं झाल्यावर कधीच येत नाही, तर आडवं आणि उभं असताना बीपी मोजावं. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने उतरला तर कानाला दोष देण्याआधी त्याचं कारण शोधावं.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघातही भोवळीच्या रूपात येतो. खेड्यातल्या डॉक्टरनं तो कानाचा आजार समजून घरी पाठवला तर? भीती खरी आहे. पण तिचा संबंध अखंड टिकणाऱ्या भोवळीशी आहे. कूस बदलल्यावर मिनिटभर येणाऱ्या, डोळ्यांत नेमकी तीच खूण दाखवणाऱ्या भोवळीशी जवळजवळ नाही. शिवाय स्कॅन इथेही हमी देत नाही. 2009 मध्ये होर्हे कट्टा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पक्षाघात झालेल्या सुमारे 12 टक्के रुग्णांचा पहिल्या 48 तासांतला एमआरआय निर्दोष आला होता, आणि डोळ्यांच्या तीन खाटेजवळच्या चाचण्यांनी मात्र पक्षाघात पकडला. त्यातली एक तर उलट्या अर्थाची आहे. रुग्णाला समोर नजर रोखायला सांगून डोकं झटकन वळवलं आणि डोळे मागे पडले, तर दोष बहुधा कानाचा. भोवळ चालू असूनही नजर जागेवरून ढळली नाही, तर धोका मेंदूचा. त्या चाचण्या मात्र मुरलेल्या तज्ज्ञांनी केल्या होत्या. म्हणून आक्षेपाचा अर्धा भाग मी मान्य करतो: अखंड भोवळ, बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं, चालताच न येणं, नवी तीव्र डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर 108 बोलवावी आणि घाटी गाठावी.

उरलेला आक्षेप वेळेचा आणि शिक्षणाचा. चाचणीला दोन्ही बाजू धरून पाच-सात मिनिटं लागतात. मान किंवा पाठ आखडलेल्या म्हाताऱ्यांना कुशीवर झोपवूनही ती करता येते. गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवता येतं हे याच पाचोडनं दाखवलंय. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटचं काम अनेक वर्षं गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांच्या बळावर चाललं आहे. तिथे परिचारिकेला किंवा फिजिओथेरपिस्टला डोळ्यांची एक हालचाल ओळखायला शिकवणं अशक्य कसं म्हणावं? आजार आपोआप बरा होतो तर एवढा खटाटोप कशाला, असंही विचारतात. पण तोवरच्या आठवड्यांत म्हातारी न्हाणीत पडली आणि खुबा मोडला, तर ती पुन्हा पहिल्यासारखी चालेलच असं नाही.

शहरातल्या यंत्रांचं काम यानं संपत नाही. मेनियर ठरवायला श्रवणचाचणी हवीच. जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी दोन्ही कानांचा तोल गेला असेल तर खोली फिरतच नाही, फक्त अंधारात पाय अडखळतात आणि चालताना समोरचं हलतं. तिथे तोलाची यंत्रानं मोजणी लागते. पण शहरात जाणाऱ्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये. भोवळ चालू असताना घरच्यांनी मोबाईल जवळ धरून उजेडात उघड्या डोळ्यांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा, आणि कोणत्या कुशीवर सुरू झाली, किती वेळ राहिली, आधी कोणती गोळी घेतली हे कागदावर लिहून सोबत न्यावं.